सुरत, १९९५ : सही खाली, जबाबदारी वर

सप्टेंबर १९९४च्या उत्तरार्धात सुरतेहून निघालेल्या गाड्या आणि बसगाड्या माणसांनी खच्चून भरून खानदेशात येऊ लागल्या. सुरतेतल्या लिंबायत, उधना या भागांत पोटापाण्यासाठी गेलेली खानदेशी कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात. त्यामुळे सुरतेत प्लेग निघाल्याची बातमी जळगाव-धुळ्याकडच्या कित्येक घरांसाठी वर्तमानपत्रातली बातमी नव्हती, ती घरातल्याच माणसांची काळजी होती. काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले, प्लेगवर दिल्या जाणाऱ्या टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या, अनेक खासगी डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलुपे लावली आणि काही देशांनी भारताशी असलेली विमानसेवा थांबवली. मृतांचा आकडा पन्नाशीच्या आसपास राहिला. साथीचे नेमके स्वरूप काय होते यावर तज्ज्ञांमध्ये पुढे बराच वाद झाला. मात्र एका गोष्टीवर वाद नव्हता : पंधरा लाख वस्तीचे, कापड आणि हिऱ्यांच्या धंद्यावर श्रीमंत झालेले हे शहर कचऱ्याच्या आणि तुंबलेल्या पाण्याच्या ढिगावर बसले होते.

या प्रकरणाचा विषय ती साथ नाही. साथीनंतर काही महिन्यांनी, मे १९९५मध्ये, एस. आर. राव हे भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी सुरत महापालिकेचे आयुक्त म्हणून रुजू झाले आणि साधारण दीड वर्षात त्या शहराचे रूप पालटले. १९९६मध्ये इंटॅक या वारसा जतन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने चंडीगडच्या खालोखाल देशातले दुसरे स्वच्छ शहर म्हणून सुरतेचे नाव घेतले. कामाच्या ठिकाणचे नेतृत्व म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी मला हे उदाहरण वारंवार उपयोगी पडले आहे, कारण त्यात बदललेल्या गोष्टी फार थोड्या होत्या. झाडू मारणारे तेच होते, अभियंते आणि स्वच्छता निरीक्षक तेच होते. ज्या कायद्याखाली महापालिका चालत होती, तो १९४९चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमही तोच होता आणि पुणे, सोलापूर, नाशिक, ठाणे येथील महापालिकाही त्याच कायद्याने चालत होत्या. पैशाचीही तशी वाण नव्हती. जकातीचे उत्पन्न भरपूर होते. ज्या संस्थेत माणसे, पैसा आणि अधिकार तिन्ही असूनही काम होत नाही, त्या संस्थेत नक्की काय अडलेले असते, असा हा प्रश्न आहे.

साथीने जे केले नाही

संकट आले की माणसे जागी होतात आणि संस्था सुधारतात, अशी आपली एक समजूत असते. सुरतेचा अनुभव वेगळा आहे. साथीच्या दिवसांत हजारो टन कचरा उचलला गेला, रस्त्यांवर जंतुनाशके फवारली गेली, सगळी यंत्रणा रात्रंदिवस राबली. साथ ओसरली, बाहेर गेलेली माणसे परतली, माग सुरू झाले आणि काही महिन्यांत शहर पुन्हा जुन्या वळणावर गेले. भीतीने कामाला जोर दिला, घडी मात्र बसवली नाही. हे नीट लक्षात घेतले पाहिजे, कारण रावांच्या यशाचे सगळे श्रेय प्लेगला देणारे बरेच जण आहेत. प्लेगने लोकांच्या मनाची जमीन नांगरून ठेवली होती हे खरे आहे, पण त्यात पेरणी कोणीतरी करावी लागणार होती.

अडले कुठे होते हे पाहण्यासाठी एक साधी गोष्ट जवळून पाहू. एखाद्या गल्लीच्या तोंडाशी गटार तुंबले आहे. काळे पाणी चेंबरच्या झाकणाच्या फटीतून वर येते आहे, पिशव्या तरंगत आहेत, शाळेत जाणारी मुले भिंतीला धरून कडेकडेने चालली आहेत. हे गटार तुंबल्याचे पहिल्या दिवशी पहिल्यांदा कळते ते झाडणाऱ्या बाईला. ती मुकादमाला सांगते. मुकादम आरोग्य खात्याचा, गटार मात्र ड्रेनेज खात्याचे. मुकादम स्वच्छता निरीक्षकाला सांगतो, निरीक्षक चिठ्ठी लिहितो. ड्रेनेजचा कनिष्ठ अभियंता येऊन पाहतो आणि त्याच्या ध्यानात येते की नुसता गाळ काढून भागणार नाही, वीस-पंचवीस फूट नळ बदलावा लागेल. तेवढ्या खर्चाला मंजुरी देण्याचा अधिकार त्याला नाही. टिपणी तयार होते, उपअभियंत्याकडे जाते, कार्यकारी अभियंत्याकडे जाते, लेखा विभागात जाते, तिथून 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन खाली येते. तोवर पाऊस सुरू होतो. आपल्याकडच्या कोणत्याही महापालिकेत काम केलेल्या माणसाला हा प्रवास पाठ असतो. यात कामचुकार असा एकही माणूस दाखवता येत नाही. प्रत्येकाने आपापले काम केले आहे आणि गटार तुंबलेलेच आहे.

गटार ज्याला दिसते त्याच्या हाती सही नाही आणि सही ज्याच्या हाती आहे त्याला गटार दिसत नाही. सुरतेच्या महापालिकेचे दुखणे माझ्या मते याच अंतरात होते, आणि रावांनी केलेल्या बहुतेक गोष्टी हे अंतर दोन्ही बाजूंनी कमी करण्याच्या होत्या.

अधिकाऱ्याचा दिवस

शहराचे सहा विभाग करण्यात आले आणि प्रत्येक विभागाला स्वतंत्र विभागीय आयुक्त नेमण्यात आला. विभाग पाडणे ही काही नवलाची गोष्ट नाही, नकाशावर रेघा सगळेच ओढतात. नवल होते ते त्या आयुक्तांना दिलेल्या अधिकारांचे. मुख्य आयुक्तांकडे असलेले प्रशासकीय आणि खर्चाचे अधिकार मोठ्या प्रमाणावर त्यांच्याकडे सोपवले गेले, आणि आपल्या विभागातली सफाई, गटारे, पाणी, रस्ते, अतिक्रमणे या सगळ्यांसाठी एकच माणूस उत्तरदायी ठरला. वर सांगितलेल्या गटाराची टिपणी आता चार मजले चढण्याचे कारण उरले नाही. आरोग्य आणि ड्रेनेज यांच्यातली ढकलाढकलही उरली नाही, कारण दोन्ही खात्यांची माणसे एकाच टेबलाला जबाबदार होती.

त्याच वेळी सही करणाऱ्याला गटारापर्यंत नेण्याची सोय झाली. सकाळी लवकर सगळ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी रस्त्यावर असायचे, दुपारपर्यंत आपापल्या भागात फिरायचे, असा नियम झाला. 'एसीतून डीसीकडे' असे त्याचे नाव पडले : एसी म्हणजे एअर कंडिशन्ड खोली, डीसी म्हणजे डेली चोअर्स, रोजची कामे. घोषणा म्हणून ती चटकदार आहे, परंतु तिचा खरा अर्थ समजायला सकाळची ती वेळ डोळ्यांपुढे आणावी लागते. भल्या सकाळी एखाद्या झोपडपट्टीच्या गल्लीत महापालिकेची माणसे म्हणून आजवर फक्त सफाई कामगार आणि मुकादम असत. आता त्याच वेळी तिथे कार्यकारी अभियंता उभा, बुटांना गाळ लागलेला. सफाईचे काम आपल्या समाजाने पिढ्यान्पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारले आहे आणि त्या कामापासून दूर राहणे हीच प्रतिष्ठेची खूण मानली आहे. वरचा अधिकारी रोज सकाळी त्या घाणीच्या शेजारी उभा राहू लागतो, तेव्हा झाडू मारणाऱ्या माणसाला आपले काम कोणीतरी पाहत आहे, हे पहिल्यांदा कळते. देखरेख म्हणून त्याचा उपयोग झालाच. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट ही की, त्या कामाचे मोल अधिकाऱ्याच्या अंगाला लागले. ज्याने गाळ पाहिला आहे त्याला गाळ काढणाऱ्याच्या हातमोज्यांची मागणी फालतू वाटत नाही.

दुपारी सगळे विभागीय आयुक्त आणि खातेप्रमुख मुख्य आयुक्तांकडे जमत. रोज. सकाळी जे पाहिले ते मांडायचे, अडचण सांगायची, निर्णय तिथेच घ्यायचा. नोकरीच्या निमित्ताने मी आढावा बैठकांत आयुष्याची बरीच वर्षे घालवली आहेत. त्यातल्या बहुतेक बैठकांचा शेवट 'संबंधितांशी बोलून कळवतो' या वाक्याने होत असे, आणि पुढच्या महिन्यात तोच विषय तेच कपडे घालून पुन्हा येत असे. सुरतेतल्या बैठकीत या वाक्याला जागाच नव्हती, कारण ज्याच्याशी बोलायचे तो समोर बसलेला असे आणि उद्या सकाळी दोघांनाही त्याच रस्त्यावर जायचे असे. बैठक रोजची असल्यामुळे तिच्यासाठी आकडे सजवायला वेळ मिळत नसे, हाही तिचा एक गुण. महिन्यातून एकदा होणारी बैठक अहवाल मागते, रोजची बैठक उत्तर मागते.

या रोजच्या चक्राचे परिणाम हळूहळू दिसू लागले. आधी शहरात रोज तयार होणाऱ्या कचऱ्यापैकी जवळपास निम्माच उचलला जाई. ते प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेले. दिवसा रहदारीमुळे जे रस्ते नीट झाडता येत नसत, तिथे रात्री खरवडून, घासून साफसफाई सुरू झाली. दुभाजकाच्या कडेला वर्षानुवर्षे साचून घट्ट झालेला मातीचा थर खरवडला गेला तेव्हा रस्ता पूर्वी वाटत होता त्याहून रुंद निघाला, असे अनेक ठिकाणी झाले असले पाहिजे. आपल्या शहरांत आजही कुठे पदपथाच्या कडेचा गाळ काढला की हेच घडते. नागरिकांच्या तक्रारींसाठी कार्डांची पद्धत आली आणि तक्रारीच्या प्रकारानुसार किती वेळात काम व्हावे हे ठरवले गेले. आरोग्याच्या बाजूने तर एक फार महत्त्वाचे काम झाले. सरकारी दवाखान्यांबरोबर खासगी डॉक्टर, रुग्णालये आणि प्रयोगशाळा यांच्याकडून आजारांची माहिती रोज गोळा होऊ लागली, म्हणजे कोणत्या वस्तीत हिवताप किंवा जुलाब वाढत आहेत ते साथ पसरण्याआधी कळावे. साथीत ज्या खासगी डॉक्टरांनी शहर सोडले होते, त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा त्यांना रोजच्या व्यवस्थेत सामील करून घेणे हा शहाणपणाचा मार्ग होता. हिवतापाचे रुग्ण पुढच्या काळात झपाट्याने कमी झाले.

बुलडोझर कोणाच्या दारापासून

सही खाली नेणे हे निम्मे काम झाले. अधिकार खाली दिले की खालच्या माणसाला पहिली भीती वाटते ती ही, की उद्या काही चुकले तर मला वाचवणार कोण. अनेक संस्थांत अधिकार खाली देण्याचे प्रयोग फसतात ते याच ठिकाणी. कागदावर अधिकार मिळतो, पण वापरला की अंगाशी येतो हे एकदा कळल्यावर मंडळी पुन्हा 'वरून मंजुरी घेऊ' म्हणू लागतात, आणि त्यांचे काही चूक नसते.

सुरतेत या भीतीची परीक्षा अतिक्रमणांच्या प्रश्नावर झाली. शहरभर रस्त्यांवर आलेली बेकायदा बांधकामे होती, आणि त्यांतली मोठी बांधकामे अर्थातच मोठ्यांची होती. अतिक्रमण हटवण्याची मोहीम आपल्याकडे सहसा कुठून सुरू होते हे सर्वांना ठाऊक आहे : भाजीच्या हातगाडीपासून. रावांनी ती उलट्या टोकाने सुरू केली. आधी बड्या आणि वजनदार लोकांच्या बेकायदा इमारतींवर हातोडा पडला, मग मधल्यांची पाळी आली. हा क्रम न्यायाचा होता हे उघडच आहे, पण त्याचे व्यवस्थापनाच्या अंगाने महत्त्व अधिक आहे. महापालिकेतल्या कनिष्ठ अभियंत्याने आणि निरीक्षकाने आपल्या डोळ्यांनी पाहिले की सर्वांत अवघड दार आयुक्तांनी स्वतःच्या अंगावर घेतले आहे आणि वरून येणारे फोन त्यांच्याच टेबलावर थांबत आहेत. त्यानंतर एखाद्या मिठाईच्या दुकानाला कचराकुंडी नाही म्हणून दंड करताना किंवा उपाहारगृहाचे अस्वच्छ स्वयंपाकघर बंद करताना त्या निरीक्षकाचा हात थरथरण्याचे कारण उरले नाही. 'साहेबांचा माणूस आहे' हे वाक्य त्याच्यावर चालेनासे झाले.

नेतृत्वाच्या गुणांची चर्चा होते तेव्हा दूरदृष्टी, संवादकौशल्य, प्रेरणा देण्याची ताकद वगैरे शब्द येतात. ते चुकीचे नाहीत. मात्र या प्रकरणात मला सर्वांत निर्णायक दिसतो तो हा दुहेरी व्यवहार : निर्णयाचा अधिकार खाली सोडला आणि त्या निर्णयाचा रोष मात्र वर ओढून घेतला. बहुतेक कार्यालयांत नेमके उलट चाललेले असते. निर्णय वर अडकलेला असतो आणि दोष घरंगळत खाली येतो. ज्या कर्मचाऱ्याने अशा कार्यालयात दहा वर्षे काढली आहेत, त्याच्याकडून उमेदीची अपेक्षा ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला नवा माणूस करण्याची गरज नसते. त्याच्या पाठीशी कोणी उभे आहे हे त्याला एकदा प्रत्यक्ष दिसावे लागते, आणि ते भाषणातून दिसत नाही.

अनुकूल काय होते, आणि काय झाकले जाते

हे सगळे एका माणसाच्या कर्तृत्वाची पोथी म्हणून सांगणे मला मान्य नाही. साथीच्या धक्क्याने नागरिक दंड भरायला आणि गैरसोय सोसायला तयार होते. राज्य सरकारने आयुक्तांना काम करू दिले आणि मध्येच बदली करून मोहीम मोडली नाही, ही आपल्या प्रशासनात लहान गोष्ट नव्हे. व्यापारी आणि उद्योजक वर्गाला शहराची गेलेली अब्रू परत हवी होती, कारण तिच्याशी त्यांचा धंदा बांधलेला होता. जकातीमुळे तिजोरीत पैसा होता. यातले एकही नसते तर वर सांगितलेली पद्धत इतक्या वेगाने फळली असती का, याची मला शंका आहे. तरीही यातल्या बहुतेक गोष्टी राव येण्यापूर्वीही तिथे होत्या आणि गटारे तुंबलेलीच होती, हेही विसरता येत नाही.

जे झाकले जाते तेही मांडले पाहिजे. रस्ते रुंद झाले तेव्हा ज्यांची लहान दुकाने गेली, त्यांच्या नजरेने ही कहाणी वेगळी दिसते. वेगाने घेतलेल्या निर्णयांत त्यांचे म्हणणे किती ऐकले गेले, हा प्रश्न रास्त आहे. रात्रीच्या सफाईसाठी खासगी कंत्राटदार आले. कंत्राटी कामगाराला कायम कामगारासारखी सुरक्षितता मिळत नाही, हे आपण महाराष्ट्रातल्या महापालिकांतही पाहतो. चकचकीत रस्त्याचे कौतुक करताना तो रात्री दोन वाजता कोणी आणि कोणत्या मजुरीवर घासला, हे विचारणे नेतृत्वाच्या चर्चेबाहेरचे नाही. झोपडपट्ट्यांबाबतची नोंद अधिक समाधानकारक आहे. तिथे गल्ल्यांची फरसबंदी झाली, सार्वजनिक शौचालये आली, दिवे लागले, आणि स्वच्छता मोहिमेचा लाभ फक्त मुख्य रस्त्यांपुरता राहिला नाही.

बदलीनंतर

१९९७च्या अखेरीस रावांची सुरतेहून बदली झाली. कर्तबगार अधिकारी गेला की चार महिन्यांत सगळे पूर्ववत, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. सुरतेत तसे झाले नाही. विभागीय आयुक्तांची रचना टिकली, आणि शहर वाढले तशी विभागांची संख्याही वाढली. खाली गेलेले अधिकार पुन्हा वर ओढून घेण्याचा मोह नंतरच्यांनी टाळला, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. अर्थात, एकदा विभागातल्या विभागात कामे होऊ लागल्यावर नागरिकांनाच त्याची सवय झाली होती आणि ती मोडणे सोपेही नव्हते.

ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. पाणी ओसरले तेव्हा घराघरांत चिखल, रस्त्यांवर मेलेली जनावरे आणि भिजून कुजलेला माल असे दृश्य होते, आणि बारा वर्षांपूर्वीची आठवण सगळ्यांच्याच मनात होती. १९९४मध्येही साथीच्या आधी पुराचे पाणी शहरात शिरले होते. या वेळी गाळ आणि कचरा विभागवार उचलला गेला, बाहेरच्या शहरांतून आलेल्या पथकांना कोणता रस्ता कोणाकडे हे सांगणारे अधिकारी जागेवर होते, आणि आजारांची रोजची माहिती येत राहिली. उंदीर-जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका होता, त्यावर लक्ष ठेवले गेले. १९९४सारखी साथ आली नाही आणि लोकांना शहर सोडून पळावे लागले नाही. रावांना सुरत सोडून तेव्हा जवळपास नऊ वर्षे झाली होती.